मोटरहोमसाठी पोर्टेबल टायर इन्फ्लेटर: घ्यायच्या आधी काय मोजायचं आणि कुठल्या क्रमाने बघायचं

कॅम्पर किंवा मोटरहोम बांधून झाली की लोक अगदी शेवटी घाईघाईत एक हवेचा पंप मागवतात. बॉक्सवर १५० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) लिहिलेलं असतं, आपल्या टायरला ६५ लागतात, म्हणजे दुप्पट ताकद आहे असं गणित मांडलं जातं, आणि मग कसारा घाट चढायच्या आधी मागच्या जोडीतल्या (एका बाजूला लागून बसवलेल्या दोन टायरांतल्या) आतल्या टायरला हवा भरायची वेळ येते तेव्हा कळतं की नळी पोचत नाही, पोचली तर नोझल बसत नाही आणि बसलं तरी पंप ५५ वर जाऊन तापून बंद पडतो. पंप वाईट असतोच असं नाही, तो कारसाठी बनवलेला असतो आणि आपण त्याला तीन-साडेतीन टनांच्या गाडीचं काम देतो.

म्हणून क्रम उलटा करायचा. आधी टायर, मग वजन, मग व्हॉल्व्ह, मग गाडीतली वीज, आणि हे सगळं कागदावर आलं की मगच पंप बघायचा. खालचे टप्पे याच क्रमाने करा, मधला एखादा सोडलात तर पुढचं गणित चुकतं.

टप्पा १: टायरला नक्की किती हवा लागते ते ठरवा

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा गाडीच्या पुस्तकात कंपनीने दिलेलं प्रेशर असतं. ते कधी पीएसआयमध्ये असतं, कधी बारमध्ये, कधी किलोपास्कलमध्ये. १ बार म्हणजे १४.५ पीएसआय, म्हणजे ४.५ बार किंवा ४५० किलोपास्कल लिहिलं असेल तर ते साधारण ६५ पीएसआय झालं. टायरवाल्याकडच्या जुन्या गेजवर 'किलो' असतात, तो १ किलो म्हणजे १४.२ पीएसआय.

टायरच्या बाजूवर जो मोठा आकडा छापलेला असतो तो त्या टायरची कमाल मर्यादा असते, तुमच्या गाडीचं प्रेशर नव्हे. ही चूक प्रचंड होते, अनुभवी ड्रायव्हरसुद्धा करतात. पूर्ण कमाल हवा भरून हलकी गाडी चालवली की टायर मधोमध झिजतो, ओल्या रस्त्यावर पकड कमी होते, आणि आत बांधलेली कपाटं, पाण्याच्या लाइनी, सगळं हादरून सैल होतं.

त्याच्याच बाजूला लोड इंडेक्स (टायर किती भार उचलतो त्याचा सांकेतिक आकडा) असतो, उदाहरणार्थ ११५/११३. पहिला आकडा टायर एकटा असेल तेव्हाचा, म्हणजे १२१५ किलो, आणि दुसरा जोडीत असेल तेव्हाचा, ११५० किलो. जोडीत प्रत्येक टायरची क्षमता कमी धरतात कारण आतला टायर गरम राहतो आणि रस्ता उतरता असला की भार सारखा वाटला जात नाही.

आता वजन. कंपनीचं प्रेशर मूळ गाडीसाठी असतं, तुम्ही आत किचन, बेड, बॅटऱ्या, पाण्याची टाकी, वरती सोलर आणि बाजूला ऑनिंग (उघडमिट होणारं सावलीचं छत) लावलंय. १०० लिटरची टाकी भरली की १०० किलो तिथेच वाढले. त्यामुळे गाडी एकदा प्रवासाला निघताना असते तशी पूर्ण भरून, पाणी, गॅस, डिझेल, सामान आणि घरच्यांसकट वजनकाट्यावर न्या. कळंबोलीच्या लोखंड बाजाराकडे, तुर्भ्याला एपीएमसीच्या भागात, भिवंडीच्या गोदामांकडे ट्रकसाठी काटे आहेत, खर्च फार नाही आणि काम दहा मिनिटांचं असतं. काटेवाल्याला आधी सांगा की तीन वजनं हवीत: पूर्ण गाडी, फक्त पुढची चाकं काट्यावर, फक्त मागची चाकं काट्यावर. पुढची आणि मागची बेरीज पूर्ण वजनाच्या जवळपास यायला हवी, फारच फरक आला तर गाडी तिरकी उभी होती, परत घ्या.

मागच्या एक्सलचं वजन मागच्या टायरच्या संख्येने, पुढच्याचं पुढच्या टायरच्या संख्येने भागा आणि टायर कंपनीच्या भार-प्रेशर तक्त्यात त्या वजनाला किती हवा सांगितलीय ते बघा. तक्ता कंपनीच्या वेबसाइटवर असतो किंवा डीलरकडून मागवता येतो. तक्त्यातला आकडा गाडीच्या प्लेटपेक्षा, म्हणजे दाराच्या चौकटीवरच्या आकड्यापेक्षा, कमी आला तर प्लेटचा आकडा धरा. जास्त आला तर तो धरा, पण टायरची आणि रिमची कमाल मर्यादा ओलांडायची नाही. आणि वजनच टायरच्या क्षमतेपेक्षा जास्त निघालं तर हा प्रश्न हवेचा राहत नाही, सामान कमी करायचं किंवा योग्य क्षमतेचे टायर टाकायचे.

तपासा: वहीत तीन आकडे आले का? पुढचं प्रेशर, मागचं प्रेशर, आणि स्टेपनीचं. स्टेपनीत दोन्हीपैकी जास्त असलेला आकडा ठेवायचा, जास्त हवा जागेवर सोडता येते, कमी असेल तर भरत बसावं लागतं.

टप्पा २: व्हॉल्व्ह बघा, हाताने हलवून बघा

हा टप्पा बहुतेक जण करतच नाहीत. कारला जो साधा रबरी व्हॉल्व्ह असतो तो साधारण ६५ पीएसआय थंड प्रेशरपर्यंतच बनवलेला असतो. तुमचं प्रेशर त्याच्या जवळ किंवा वर जात असेल तर धातूचा, नटाने रिमला कसलेला व्हॉल्व्ह हवा. नवीन टायर टाकताना घाईत कुणीतरी साधे रबरी व्हॉल्व्ह बसवून देतो आणि मालकाला पत्ता नसतो. व्हॉल्व्ह वाकवून बघा, बुडाशी बारीक चिरा दिसल्या तर पंप घ्यायच्या आधी व्हॉल्व्ह बदला.

मागे जोडटायर असतील तर आतल्या टायरच्या व्हॉल्व्हपर्यंत हात कसा पोचतो ते आत्ताच बघा. बाहेरच्या रिमच्या भोकातून तो दिसतो का, नोझल सरळ लागतं की तिरकं, की मागून गाडीखाली शिरावं लागतं? एक्स्टेंशन लावायचं असेल तर वेणीदार धातूच्या आवरणाचं आणि रिमला क्लिपने धरून ठेवलेलं घ्या. नुसत्या रबरी नळीचं लोंबकळणारं एक्स्टेंशन चाक फिरताना झटके खातं आणि तिथूनच हवा जायला लागते, म्हणजे हवा चेक करण्यासाठी लावलेली वस्तूच हवा घालवते.

सावधान: जोडीतल्या दोन टायरांमध्ये हवा सारखी हवी. एकात कमी झाली की दुसरा सगळा भार उचलतो, कमी हवेचा टायर बाहेरून उभा दिसतो कारण शेजारचा त्याला धरून असतो, आणि आतल्या आत तापत राहतो. पाय मारून आवाज ऐकणं म्हणजे चेक करणं नव्हे, गेज लावल्याशिवाय कळत नाही.

टप्पा ३: गाडीत वीज कुठून घेणार?

आधी व्होल्टेज. ट्रॅव्हलर, विंगर या वर्गातल्या गाड्या १२ व्होल्टच्या असतात. बस किंवा ट्रकच्या चासीवर बांधलेली मोठी मोटरहोम असेल तर ती २४ व्होल्टची असण्याची शक्यता मोठी, तिथे १२ व्होल्टचा पंप थेट लावला तर जळेल. दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये आहेत म्हणून एकाच बॅटरीवर चिमटे लावून १२ काढायचा प्रकार करू नका, दोन्ही बॅटऱ्या असमान होतात.

अशा एअर ब्रेकवाल्या मोठ्या गाडीत खरं तर कॉम्प्रेसर आधीच बसलेला असतो. ब्रेकच्या टाकीत साधारण ८ बारच्या आसपास हवा असते आणि बऱ्याच गाड्यांना टायर भरायला नळी जोडायची जागा कंपनीकडूनच दिलेली असते. सर्व्हिस सेंटरला विचारा, ती असेल तर योग्य नळी आणि गेजवर काम भागेल, वेगळा पंप घ्यायची गरजच नाही.

१२ व्होल्टवाल्यांनी डॅशबोर्डच्या लाइटर सॉकेटचा फ्यूज बघायचा. बहुतेक गाड्यांत १० ते २० अँपिअर असतो. १५ अँपिअर धरला तर १२ गुणिले १५, म्हणजे १८० वॅट, ही त्या सॉकेटची कमाल झाली, आणि सलग वापरात त्याच्याही खालीच राहायचं. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, ६०-६५ पीएसआयला जोरात हवा ढकलायला लागणारी वीज या सॉकेटमधून येतच नाही, त्यामुळे सॉकेटवर चालणारा कुठलाही पंप, कितीही महाग असो, मोठ्या टायरला सावकाशच भरणार. फ्यूज उडतो म्हणून जास्त अँपिअरचा फ्यूज टाकणारे भेटतात, ते कृपा करून करू नका, आतली वायर तितकीच बारीक राहते आणि फ्यूजऐवजी ती तापते, ज्या गाडीत लाकूड, फोम आणि गॅस आहे त्या गाडीत.

जास्त ताकदीचा पंप हवा असेल तर तो थेट बॅटरीवर चिमट्यांनी लावायचा. असे पंप २० ते ४५ अँपिअरपर्यंत ओढतात. दोन पर्याय आहेत: पुढच्या स्टार्टर बॅटरीवर इंजिन चालू ठेवून, किंवा घरच्या बॅटरीवर, म्हणजे मोटरहोमच्या आतल्या वापरासाठी बसवलेल्या वेगळ्या बॅटरीवर. घरची बॅटरी लिथियम असेल तर तिच्या बीएमएसची (बॅटरीला सांभाळणाऱ्या आतल्या सर्किटची) मर्यादा बघा, १०० अँपिअरची असेल तर हा भार तिला जड नाही.

माझं मत विचाराल तर घरच्या बॅटरीवरून जाड केबल टाकून गाडीच्या बाहेरच्या बाजूला एक अँडरसन प्लग (जास्त करंटसाठीचा जाड जोड) बसवून घ्या. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज, केबल किमान ६ चौरस मिलिमीटर, अंतर जास्त असेल तर १०. कारण सांगतो. ५ मीटर लांब, २.५ चौरस मिलिमीटरच्या केबलमधून २० अँपिअर गेले तर जाऊन-येऊन जवळपास १.४ व्होल्ट वाटेतच जातात, पंपाला १२ ऐवजी साडेदहा मिळतात, मोटर जोर लावते, तापते आणि लोक म्हणतात पंप खराब निघाला. ६ ची केबल घेतली तर तोटा अर्ध्या व्होल्टच्या आसपास राहतो. म्हणून नियम असा धरा की विजेची केबल आखूड आणि जाड ठेवायची, लांबी हवेच्या नळीत घ्यायची.

इन्व्हर्टरवर २३० व्होल्टचा गॅरेज कॉम्प्रेसर चालवायचा विचार असेल तर त्याची मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, इन्व्हर्टर ट्रिप होतो, आणि वजनही फुकट वाढतं. नकोच.

टप्पा ४: पंपाचे आकडे वाचा, बॉक्सचे नव्हे

आता दुकानात जा किंवा फोनवर शोधा. १५० पीएसआय हा आकडा म्हणजे पुढे वाट बंद असताना पंप जास्तीत जास्त किती दाब निर्माण करू शकतो तो. त्या दाबाला हवा वाहत नसते. तुम्हाला हवंय ते म्हणजे ६०-६५ ला मिनिटाला किती लिटर हवा जाते. बॉक्सवर ३५ लिटर प्रति मिनिट छापलेलं असतं ते बहुतेक वेळा शून्य दाबाचं, मोकळ्या नळीचं. दाब वाढला की तो आकडा निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली येतो. काही ठिकाणी हा आकडा सीएफएममध्ये (मिनिटाला किती घनफूट) असतो, १ सीएफएम म्हणजे २८.३ लिटर प्रति मिनिट.

तुमची गरज किती ते काढायचं सोपं गणित आहे. २३५/६५ आर १६ मापाचा टायर धरा, आत साधारण ५० लिटर जागा. किती पीएसआय वाढवायचे त्याला १४.५ ने भागा आणि ५० ने गुणा.

- ५५ वरून ६५: साधारण ३५ लिटर हवा
- पूर्ण बसलेला टायर शून्यावरून ६५: साधारण २२५ लिटर
- सहा टायर, प्रत्येकी १० पीएसआय: साधारण २०५-२१० लिटर

आता जो पंप ६० पीएसआयला मिनिटाला ८ लिटर देतो त्याला शेवटच्या कामाला २६ मिनिटं नुसती चालायला लागतील. पण तो सलग २६ मिनिटं चालत नाही. इथे येतो तिसरा आकडा, ड्यूटी सायकल. '१० मिनिटं चालवा, १५ मिनिटं थांबा' असं पुस्तिकेत बारीक अक्षरात असतं. म्हणजे एकूण तास जवळ आला, एप्रिलच्या उन्हात त्याहूनही जास्त, कारण थांबून तो गार होतच नाही. मोठ्या पंपाचा ६० ला मिनिटाला ३५-४० लिटर असेल तर तेच काम सहा मिनिटांत उरकतं.

ड्यूटी सायकल टक्क्यांत दिली असेल तर ती कुठल्या दाबाला दिलीय तेही बघा. १०० पीएसआयला ३३ टक्के म्हणणारा पंप ३० पीएसआयला ३३ टक्के म्हणणाऱ्यापेक्षा फार पुढचा आहे. दाबाचा उल्लेखच नसेल तर तो आकडा सोडून द्या.

चार्जिंगवाले पंप. हे हाताळायला छान असतात, आणि कार किंवा ईकोवर केलेल्या छोट्या कॅम्परला, जिथे टायर लहान आणि प्रेशर तिशी-चाळिशीत असतं, तिथे हे पुरतात आणि मी ते बिनधास्त घ्या म्हणेन. मोठ्या गाडीला मात्र बॅटरीचा आकडा नीट वाचा. बॉक्सवर ७५०० एमएएच लिहिलेलं असतं, आत २५०० चे तीन सेल सिरीजमध्ये असतात, मग ते ११.१ व्होल्टला २५०० एमएएचच झाले, म्हणजे २८ वॅट-तासाच्या आसपास. वॅट-तास हाच खरा आकडा, तो मागा. एवढ्यात मोठ्या गाडीचे सहाही टायर १० ने वाढतील याची खात्री धरू नका. दोन-तीन पीएसआय टॉप-अपला ठेवायचा असेल तर ठेवा, एकमेव पंप म्हणून नको.

सावधान: लिथियम सेलवाला पंप बंद गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा काचेखाली ठेवू नका. मे महिन्यात खारघरला उघड्यावर उभी केलेली गाडी आतून किती तापते ते तुम्हाला माहीत आहे.

मग घ्यायचा कुठला? मागे एकेरी टायर आणि प्रेशर ५० च्या आत असेल तर चांगला सॉकेटवाला चालेल. ६० च्या वर किंवा जोडटायर असतील तर थेट बॅटरीवर चिमट्यांनी लागणारा, धातूच्या बॉडीचा, थर्मल कट-ऑफ असलेला, म्हणजे फार तापला की आपोआप बंद होणारा पंप. ऑटो कट-ऑफ, डिजिटल डिस्प्ले, दिवा, यूएसबी हे सगळं नंतर. मी पैसे टाकेन ते मोटरवर आणि नळीवर.

टप्पा ५: नळी, नोझल आणि वेगळं गेज

नळीची लांबी मोजायला दोरी घ्या. पंप जिथे ठेवणार (बॉनेटजवळ किंवा अँडरसन प्लगजवळ) तिथून सगळ्यात लांबच्या चाकाच्या व्हॉल्व्हपर्यंत, गाडीच्या बाहेरून वळसा घालून दोरी न्या, त्यात एक मीटर वाढवा. मोठ्या व्हॅनला हे सहज ७-८ मीटर होतं. पंपासोबत येणारी नळी बऱ्याचदा मीटरभराचीच असते. स्वतंत्र नळी घेताना तिच्यावर छापलेलं कार्यप्रेशर तुमच्या प्रेशरच्या किमान दुप्पट हवं.

नोझल दोन प्रकारचं. आट्याचं नोझल गळत नाही पण काढताना फिरवता फिरवता हवा जाते आणि जोडटायरच्या भोकात बोटंच फिरत नाहीत. लिव्हरचं पटकन लागतं, पण प्लॅस्टिकचं असेल तर ६५ ला उडून येतं. जोडटायरवाल्यांनी ट्रकवाले वापरतात ते लांब दांड्याचं दोन तोंडांचं नोझल घ्यावं, एक तोंड सरळ, एक उलटं. ते कळंबोलीला ट्रकच्या सामानाच्या दुकानांत मिळतं आणि बाकी कशाने सुटत नाही तो प्रश्न सोडवतं.

गेज वेगळं घ्या. पंपावरचा आकडा पंप चालू असताना नळीतला दाब दाखवतो, टायरमधला नाही, तो जास्त दिसतो. पंप थांबवून काही सेकंदांनी वाचायचा आणि शेवटी स्वतःच्या गेजने पक्कं करायचं. गेजची कमाल पट्टी तुमच्या प्रेशरच्या दीड-दोन पट असावी, २०० पीएसआयच्या गेजवर ६२ आणि ६५ मधला फरक दिसत नाही.

टप्पा ६: हातात आल्याबरोबर चाचणी, परत करायच्या मुदतीत

पंप आला की कपाटात ठेवू नका. त्याच आठवड्यात, सकाळी, गाडी गार असताना हे करा:

१. मागच्या एका टायरची हवा गेज लावून ५५ वर आणा.
२. नळी पूर्ण लांब करून, प्रवासात जशी जोडाल तशीच वीज जोडा. इंजिन चालवणार असाल तर गाडी मोकळ्या जागी हवी, सोसायटीच्या पोडियमखाली किंवा बंद पार्किंगमध्ये नको, धूर साठतो.
३. ५५ ते ६५ ला किती वेळ लागतो तो मोबाइलवर मोजा. माझ्या हिशोबाने दोन मिनिटांच्या आत झालं तर उत्तम, तीन पर्यंत चालेल. पाच मिनिटं लागली तर तो मोठ्या गाडीचा पंप नाही.
४. ६० ला मुद्दाम बंद करा आणि परत चालू करा. बरेच पंप शून्यापासून व्यवस्थित चढतात पण टायरमध्ये आधीच ६० असताना सुरूच होत नाहीत, गुरगुरतात आणि फ्यूज उडवतात. आणि आपलं रोजचं काम तर ६० वरून ६५ चंच असतं. काही पंपांच्या पुस्तिकेत आधी चालू करा मग व्हॉल्व्हला लावा असं दिलेलं असतं, तसं असेल तर तसंच करा.
५. आतल्या टायरला नोझल लावून बघा. हात न भाजता निघालं पाहिजे, पितळी टोक पंधरा मिनिटांत चांगलंच तापतं, हातमोजा ठेवा.
६. केबल आणि चिमटे हाताला किती गरम लागतात बघा. कोमट ठीक. हात ठेववत नसेल तर केबल बारीक आहे किंवा चिमटा नीट धरत नाही.

यातलं तिसरं किंवा चौथं नापास झालं तर पंप परत पाठवा. 'वापरून वापरून सुटेल' असं कुणी सांगितलं तरी ऐकू नका.

टप्पा ७: निघायच्या दिवशी हवा भरायचा क्रम

गाडी किमान तीन तास उभी असायला हवी. घरापासून दोन किलोमीटरवरच्या पेट्रोल पंपावर जाऊन भरू म्हणाल तर घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये ते दोन किलोमीटर अर्ध्या तासाचे होतात आणि टायर गरम होतो. हाच तर स्वतःचा पंप घ्यायचा खरा फायदा, दारात, गार टायरवर, घाई न करता.

- गाडी सपाट जागी, हँडब्रेक, चाकाला ओट (गाडी सरकू नये म्हणून लावायचा ठोकळा).
- आधी सगळ्या टायरांची हवा मोजून लिहा, स्टेपनीसकट. भरायला नंतर.
- एखादा टायर बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल तर आधी कारण शोधा. साबणाचं पाणी व्हॉल्व्हवर आणि ट्रेडवर (रस्त्याला टेकणाऱ्या भागावर) मारून बघा.
- लाल चिमटा प्लसला, मग काळा. पंप सपाट, कोरड्या जागी, हवा खेळेल असा. माती-वाळूत ठेवलात तर तो तीच आत ओढतो.
- जोडीत आतला आधी, बाहेरचा नंतर.
- हव्या त्या आकड्याच्या दोनेक पीएसआय वर नेऊन थांबा, नोझल काढा, गेज लावा, जास्तीचं सोडा.
- टोप्या परत लावा. पावसाळ्यात चिखल व्हॉल्व्हच्या पिनेत गेला की तिथूनच गळती सुरू होते.

सावधान: कुठलाही टायर ठरलेल्या प्रेशरच्या ८० टक्क्यांच्या खाली, म्हणजे ६५ चा ५२ च्या खाली गेलेला असेल आणि गाडी तशीच चाललेली असेल तर रस्त्याच्या कडेला पंप लावून भरू नका. आतल्या तारा तुटलेल्या असू शकतात आणि भरताना बाजू फुटते, त्या वेळी माणूस टायरसमोरच बसलेला असतो. टायर उतरवून टायरवाल्याला आतून बघायला लावा. हे मी जीव तोडून सांगतोय, इथे घाई करायची नाही.

गरम टायरमधली वाढलेली हवा सोडायची नाही. समृद्धी महामार्गावर हे फार होतं. भिवंडीजवळच्या आमण्याहून नागपूरपर्यंत ७०१ किलोमीटर, सिमेंटचा रस्ता, दुपारचं ऊन, मध्ये थांबल्यावर गेज ७४ दाखवतं आणि माणूस घाबरून १० सोडतो. मग संध्याकाळी गार झाल्यावर टायर ५५ वर येतो, दुसऱ्या दिवशी तसाच पळतो, कमी हवेमुळे बाजू जास्त वाकतात, जास्त तापतात, आणि टायर फुटायची सुरुवात तिथून होते. गरम झाल्यावर वाढणारी हवा टायर कंपनीने धरलेली असते. थंड टायरचा आकडा बरोबर ठेवा, बाकी टायर सांभाळतो, आणि वेग आवरा.

उलटंही होतं. डिसेंबरात ठाण्याहून महाबळेश्वरला गेलात की पहाटे तापमान बरंच खाली असतं, ६५ पीएसआयच्या टायरला दर १० अंशांमागे साधारण अडीच पीएसआय कमी होतात, त्यातले एक-दोन उंचीमुळे गेजवर परत दिसतात. टीपीएमएस (टायरमधली हवा कमी झाली की दाखवणारा डॅशबोर्डवरचा दिवा) पिवळं झालं तर आधी हे गणित करा, मग पंक्चर शोधा. दोन-चार दिवस तिथेच राहणार असाल तर तिथल्या सकाळच्या गारव्यात आकडा पूर्ण करा, आणि खाली आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी परत मोजा.

टप्पा ८: ठेवायचा कसा

आपल्या हवेत चिमटे आणि प्लग वर्षभरात हिरवट पडतात, खाडीजवळ राहत असाल तर त्याच्याही आधी. वापर झाला की पंप नळी न लावता अर्धा मिनिट मोकळा चालवा म्हणजे आतली ओल निघून जाते, नळीतलं पाणी झटकून टाका, पूर्ण गार झाल्यावरच पिशवीत घाला. चिमट्यांना थोडं व्हॅसलिन किंवा बॅटरी टर्मिनलचं ग्रीस. एअर फिल्टरचा छोटा स्पंज बहुतेक पंपांना असतो आणि बहुतेकांनी तो कधी उघडलेला नसतो, धुऊन, सुकवून परत लावा.

पिशवीतच ठेवायचं सामान: गेज, दोन तोंडांचं नोझल, व्हॉल्व्हच्या चार-पाच जादा पिना आणि पिन काढायची चावी, टोप्या, जादा फ्यूज, हातमोजे, डोक्याला लावायची टॉर्च. पिशवी बेडखाली सगळ्यात आत न ठेवता बाहेरून उघडणाऱ्या कप्प्यात ठेवा, पावसात रात्री पनवेलच्या पुढे थांबायची वेळ आली तर घरच्यांना उठवून गादी उचलावी लागू नये. आणि जून ते सप्टेंबर गाडी उभीच राहणार असेल तर महिन्यातून एकदा हवा मोजा, लागेल तेवढी भरा, त्या निमित्ताने पंपही चालतो आणि चार्जिंगवाला असेल तर त्याची बॅटरी अर्ध्याच्या वर आहे ना तेही बघून होतं.